अमेरिका १७७६ साली स्वतंत्र झाली, मग १७८९पर्यंत तिथे सरकार कोणाचे होते?

मुसाफिर (प्रश्न)

अमेरिकेच्या स्थापनेचा इतिहास वाचताना मी नेहमी एकाच ठिकाणी अडखळतो. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जुलै १७७६चा, ब्रिटनने ते स्वातंत्र्य मान्य केल्याचा पॅरिसचा तह सप्टेंबर १७८३चा, आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली ती थेट एप्रिल १७८९मध्ये. मधल्या जवळपास तेरा वर्षांत युद्ध लढले गेले, परदेशांतून कर्जे काढली गेली, तह झाले. म्हणजे देशाच्या नावाने कोणीतरी सह्या करत असणारच. तो कोण? जॉन हॅन्सन नावाचे गृहस्थ हेच खरे पहिले अध्यक्ष होते, असेही अधूनमधून वाचनात येते. त्यात तथ्य किती?

दुसरी शंका त्याहून मोठी आहे. १७८७ची फिलाडेल्फियाची परिषद जुन्या व्यवस्थेत दुरुस्त्या सुचवण्यासाठी बोलावलेली होती आणि तिच्यातून बाहेर पडली ती सर्वस्वी नवी राज्यघटना. डागडुजीला बोलावलेल्या गवंड्यांनी घरच पाडून नवे बांधावे, तसा हा प्रकार दिसतो. तो त्या काळच्या कायद्यात बसत होता का?

जुनी वही

पहिल्या शंकेचे उत्तर असे, की त्या काळात देशाला काँग्रेस होती, पण आज ज्याला आपण सरकार म्हणतो ते नव्हते. तेरा राज्यांचे प्रतिनिधी एका सभागृहात बसत आणि युद्ध, तह, कर्ज, टपाल हे सगळे तीच सभा पाहत असे. या सभेचे अधिकार लिहून काढणारा दस्तऐवज म्हणजे आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन (राज्यसंघाची कलमे). काँग्रेसने तो नोव्हेंबर १७७७मध्ये स्वीकारला, परंतु तेराही राज्यांची संमती मिळून तो अमलात यायला १ मार्च १७८१ उजाडला. शेवटपर्यंत अडून बसलेले राज्य मेरीलँड होते. व्हर्जिनियासारखी मोठी राज्ये पश्चिमेकडच्या अफाट जमिनीवर हक्क सांगत होती, आणि तो हक्क त्यांनी संघाकडे सोपवावा, अशी मेरीलँडची अट होती. म्हणजे युद्धाचा बहुतेक काळ ही सभा कोणत्याही मान्य सनदेशिवायच चालली.

हॅन्सन यांच्याविषयी सांगायचे तर ते नोव्हेंबर १७८१मध्ये या सभेचे अध्यक्ष झाले, इतकेच खरे आहे. हे पद सभापतीचे होते. कलमांनुसार कोणालाही तीन वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ त्या खुर्चीत बसता येत नसे, आणि खुर्चीत बसणाऱ्याला ना नकाराधिकार होता ना फौजेवर हुकूम. शिवाय सभापती म्हणून मोजायचे ठरवले तरी हॅन्सन पहिले ठरत नाहीत. १७७४मध्ये पेटन रँडॉल्फ होते, जाहीरनाम्याच्या वेळी जॉन हँकॉक होते, आणि कलमे अमलात आली त्या दिवशी सॅम्युएल हंटिंग्टन खुर्चीत होते. कलमांखालचे पूर्ण एक वर्ष प्रथम हॅन्सन यांनी काढले, एवढ्या एका गोष्टीवर ती सगळी कहाणी उभी आहे.

खरी मेख पैशांत होती. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. तिने प्रत्येक राज्याकडे त्याच्या वाट्याची रक्कम मागायची आणि राज्याने ती द्यायची किंवा न द्यायची. न देणाऱ्याचे काय करायचे, याबद्दल कलमे मौन पाळून होती. तेरा दारांपुढे झोळी धरून उभ्या असलेल्या या सभेने १७८१मध्ये आयात मालावर पाच टक्के जकात घेण्याची परवानगी मागितली. त्यासाठी कलमांत दुरुस्ती हवी होती आणि दुरुस्तीला तेराही राज्यांचा होकार लागत असे. बारा राज्ये राजी झाली, पण तेराव्याने, म्हणजे सगळ्यांत चिमुकल्या ऱ्होड आयलंडने, १७८२मध्ये नकार दिला आणि प्रस्ताव बारगळला. पुढे थोडा बदललेला प्रस्ताव आला, तो न्यूयॉर्कने अडवला. न्यूयॉर्कच्या बंदरातून त्या राज्याला स्वतःचीच जकात भरपूर मिळत होती. ती कोण सोडणार?

या दुबळेपणाचे चित्र एका प्रसंगात स्पष्ट दिसते. २१ जून १७८३ रोजी पगार थकलेल्या काहीशे सैनिकांनी फिलाडेल्फियातील स्टेट हाउसला वेढा घातला. आत काँग्रेसचे सदस्य बसलेले, बाहेर संगिनी रोखलेले शिपाई आणि जवळच्या गुत्त्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचणारी दारू. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया राज्याला मिलिशिया, म्हणजे नागरिकांची राखीव फौज, बोलावण्याची विनंती केली. राज्याच्या कार्यकारी मंडळाने ती मानली नाही. या मंडळाचे प्रमुख होते जॉन डिकिन्सन, म्हणजे आर्टिकल्सचा पहिला मसुदा ज्यांनी लिहिला तेच. शेवटी सदस्य सैनिकांच्या शिव्या ऐकत बाहेर पडले आणि काँग्रेसने आपला मुक्काम न्यू जर्सीतील प्रिन्स्टनला हलवला. तिथून अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन आणि अखेर न्यूयॉर्क, असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ती हिंडत राहिली. राजधानीसाठी कोणत्याही राज्याच्या ताब्यात नसलेला, दहा मैल चौरसापर्यंतचा स्वतंत्र प्रदेश असावा, हे कलम पुढे राज्यघटनेत आले, त्यामागे या दिवसाची आठवण होती.

तळटीप

वरील माहितीशी मी सहमत आहे, तरीही तिच्यातून निघणारा ‘जुनी व्यवस्था म्हणजे निव्वळ नामुष्की’ हा सूर मला एकांगी वाटतो. त्या काळाचे इतके काळे चित्र प्रथम रंगवले ते नव्या राज्यघटनेच्या समर्थकांनी, आणि त्यांना तसे रंगवण्याची गरज होती, हे विसरू नये. याच काँग्रेसच्या काळात यॉर्कटाउनची लढाई जिंकली गेली आणि याच काँग्रेसच्या वकिलांनी पॅरिसमध्ये मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख पदरात पाडून घेतला.

कार्यकारी यंत्रणा अजिबातच नव्हती, असेही म्हणता येणार नाही. १७८१पासून परराष्ट्र, युद्ध आणि वित्त ही खाती एकेका व्यक्तीकडे सोपवलेली होती. वित्ताचा भार वाहणारे रॉबर्ट मॉरिस प्रसंगी स्वतःची व्यापारी पत पणाला लावून, उधार उचलून सैन्याचा खर्च भागवत होते. (ही पद्धत आदर्श होती, असा माझा दावा नाही.)

मात्र या काँग्रेसचे सर्वांत टिकाऊ काम जमिनीविषयीचे आहे आणि सामान्य वाचकांपर्यंत ते फारसे पोहोचत नाही. १७८५च्या अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडच्या जमिनीची मोजणी सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा टाउनशिपमध्ये करायचे ठरवले. प्रत्येक टाउनशिपचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्यांतला १६ क्रमांकाचा भाग शाळेसाठी राखून ठेवलेला. आजही विमानातून त्या प्रदेशाकडे पाहिले तर शेते आणि रस्ते पाटावर आखल्यासारखे चौकोनी दिसतात, ते या मोजणीमुळे. त्यानंतर १३ जुलै १७८७च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सने त्या प्रदेशातून नवी राज्ये कशी घडवायची, ते ठरवले. एखाद्या भागातील मुक्त रहिवाशांची संख्या ६०,००० झाली की त्याला जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात प्रवेश मिळणार होता. नुकत्याच वसाहतीच्या जोखडातून सुटलेल्या देशाने स्वतःच्या नव्या मुलखाला कायमची वसाहत करून ठेवले नाही, याचे श्रेय या ‘दुबळ्या’ सभेलाच द्यावे लागेल.

अर्थात, त्या सभेला हजर राहण्याचाही लोकांना कंटाळा असे, हे कबूल करतो. पॅरिसचा तह सहा महिन्यांच्या आत मंजूर करून परत पाठवायचा होता आणि त्यासाठी नऊ राज्यांची उपस्थिती आवश्यक होती. अ‍ॅनापोलिसमध्ये डिसेंबर उलटला तरी सातच राज्ये जमली होती. शेवटी साउथ कॅरोलायनाचे एक आजारी प्रतिनिधी फिलाडेल्फियाहून तेथवर आले, तेव्हा १४ जानेवारी १७८४ रोजी गणपूर्ती होऊन, ज्या तहाने देश जन्माला आला त्या तहाला मंजुरी मिळाली.

काठावरचा

मुसाफिर यांच्या दुसऱ्या शंकेकडे वळतो. गवंड्यांची उपमा मला पटली. फक्त ते गवंडी आपण होऊन आले नव्हते, एवढे तिच्यात जोडावे लागेल.

सप्टेंबर १७८६मध्ये अ‍ॅनापोलिस येथे व्यापारविषयक अडचणींवर एक बैठक झाली. तिला पाच राज्यांतून बारा जण आले. एवढ्यांवर काहीच ठरवता येणार नव्हते, म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी लिहिलेल्या अहवालाद्वारे पुढील मे महिन्यात फिलाडेल्फियाला सर्व राज्यांची परिषद भरवावी, अशी शिफारस करून सगळे घरोघरी परतले. याच सुमारास पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि रोख नाण्यांत मागितले जाणारे कर यांनी पिचलेले शेतकरी न्यायालये बंद पाडू लागले होते. त्यांच्यात डॅनियल शेज यांच्यासारखे क्रांतियुद्धात लढलेले अधिकारी होते. २५ जानेवारी १७८७ रोजी त्यांचा जमाव स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेला, तेव्हा तोफांच्या माऱ्यात चार जण ठार झाले. शस्त्रागार होते राष्ट्रीय, पण बंड मोडायला काँग्रेसजवळ ना पैसा होता ना पुरेसे सैन्य. राज्याच्या गव्हर्नरांनी मिलिशिया उभी केली आणि तिचा खर्च बॉस्टनच्या धनिकांच्या वर्गणीतून भागवावा लागला. बहुतेक राज्यांनी परिषदेला प्रतिनिधी पाठवण्यामागे या भीतीचा हात होता. मात्र जेम्स मॅडिसन यांच्यासारख्यांच्या मनात नव्या व्यवस्थेचा विचार त्याआधीपासूनच घोळत होता, त्यामुळे सगळे श्रेय शेज यांच्या बंडाला देणे बरोबर नाही.

आता कायद्याचा मुद्दा. काँग्रेसने २१ फेब्रुवारी १७८७च्या ठरावात परिषदेचा हेतू केवळ कलमांची फेरतपासणी हाच असल्याचे स्पष्ट लिहिले होते. परिषद २५ मे रोजी सुरू झाली आणि चारच दिवसांनी एडमंड रँडॉल्फ यांनी मांडलेल्या व्हर्जिनिया योजनेत कर घेणारे विधिमंडळ, स्वतंत्र कार्यकारी सत्ता आणि राष्ट्रीय न्यायालये असा सगळा नवा आराखडा होता. दारे-खिडक्या बंद ठेवून, बाहेर एक शब्दही जाऊ न देण्याचा नियम करून उन्हाळाभर चर्चा चालली. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व हवे होते, छोट्यांना बरोबरीचे, आणि त्या वादात परिषद मोडण्याच्या बेतात आली होती. १६ जुलै रोजी पाच राज्ये विरुद्ध चार, आणि मॅसॅच्युसेट्सचे मत आपसांत दुभंगलेले, अशा काठावरच्या मतदानाने तडजोड झाली : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मत. परिषदेत वेळोवेळी हजर राहिलेल्या ५५ जणांपैकी ३९ जणांनी १७ सप्टेंबरला मसुद्यावर सह्या केल्या. खुद्द रँडॉल्फ यांनीच सही केली नाही.

खरा कायदेभंग म्हणायचा तर तो शेवटून पहिल्या, म्हणजे सातव्या कलमात आहे. आर्टिकल्सनुसार कोणत्याही बदलाला काँग्रेसची आणि तेराही राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी हवी होती. नव्या मसुद्याने सांगितले, की नऊ राज्ये पुरेत, आणि तीही विधिमंडळे नव्हेत, तर त्यासाठीच निवडलेल्या परिषदा. जुन्या नियमाच्या चौकटीत हे बसत नव्हते, हे मॅडिसन जाणून होते. नव्या घटनेच्या समर्थनार्थ न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत आलेल्या ‘द फेडरलिस्ट’ या लेखमालेच्या चाळिसाव्या लेखात त्यांनी त्याचे समर्थन केले आहे. देशातल्या लोकसंख्येच्या साठाव्या हिश्श्यातील बहुमताने बाकीच्या बारा राज्यांचे भवितव्य अडवून धरावे, हे हास्यास्पद आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि तो साठावा हिस्सा म्हणजे कोण, हे नाव न घेताही प्रत्येक वाचकाला कळत होते. ऱ्होड आयलंडने परिषदेला प्रतिनिधीच पाठवला नव्हता.

माझे मत विचाराल तर कृती नियमबाह्य होती, पण लपूनछपून केलेली नव्हती. काँग्रेसने २८ सप्टेंबरला मसुदा बरा की वाईट, याविषयी एक अक्षरही न लिहिता राज्यांकडे पाठवला आणि त्यांनी महिनोन्महिने त्यावर जाहीर वाद घातला. त्यात जबरदस्ती अजिबात झाली नाही, असे मात्र नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात गणपूर्तीसाठी ४६ सदस्य लागत. विरोधकांनी गैरहजर राहून उपस्थिती ४४वर रोखली, तेव्हा जमावाने दोघांना त्यांच्या बिऱ्हाडातून ओढत सभागृहात आणून बसवले आणि संख्या पुरी केली.

मुसाफिर

सविस्तर उत्तरांबद्दल आपणा सर्वांचा आभारी आहे. जून १७८८मध्ये न्यू हॅम्पशायरच्या संमतीने नवाचा आकडा पुरा झाला, हे आता जुळले. त्यापुढचे एक विचारतो : कागदावरच्या घटनेतून चालते सरकार उभे राहिले कसे? ठरलेल्या दिवशी एका यंत्रणेने दुसरीच्या हाती किल्ल्या दिल्या, असे काही घडले का?

जुनी वही

तसे काहीही घडले नाही. नवी काँग्रेस ४ मार्च १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये भरायची होती. त्या दिवशी तोफा झाल्या, घंटा वाजल्या, आणि सभागृहात पाहावे तर सिनेटचे आठ सदस्य. गणपूर्तीला बारा हवे होते. चिखलाचे रस्ते आणि हिवाळ्याचा समुद्र पार करून माणसे एकेक करत आली. प्रतिनिधिगृह १ एप्रिलला आणि सिनेट ६ एप्रिलला सुरू झाली. जुन्या काँग्रेसचे चिटणीस चार्ल्स थॉमसन अध्यक्षपदी निवड झाल्याची वार्ता घेऊन वॉशिंग्टन यांच्या घरी, माउंट व्हर्ननला गेले. भरपूर जमीन असूनही वॉशिंग्टन यांच्या हाती रोकड नव्हती, म्हणून निघण्यापूर्वी त्यांना पैसे उसने घ्यावे लागले होते. ३० एप्रिलला फेडरल हॉलच्या सज्जात त्यांनी शपथ घेतली. ती देणारे रॉबर्ट लिव्हिंग्स्टन हे न्यूयॉर्क राज्याचे चान्सलर, म्हणजे राज्याचे वरिष्ठ न्यायाधीश होते, कारण शपथ द्यायला राष्ट्रीय न्यायाधीशच अजून अस्तित्वात नव्हते.

त्यानंतर सिनेटने काही आठवडे अध्यक्षांना काय म्हणून संबोधावे, यावर घालवले. उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना भारदस्त उपाधी हवी होती. प्रतिनिधिगृहाने साधे ‘अमेरिकेचे अध्यक्ष’ एवढ्यावरच हट्ट धरला आणि तेच टिकले. हा वाद आज पोरकट वाटतो, पण नुकताच राजा झुगारलेल्या लोकांना तो तसा वाटत नव्हता.

प्रतिनिधिगृह मात्र जकातीच्या कामाला लागले होते. १७८२मध्ये एका राज्याच्या नकाराने जी आयात जकात अडली होती, तिचा कायदा ४ जुलै १७८९ रोजी साध्या बहुमताने झाला. माझ्या दृष्टीने नवे सरकार खऱ्या अर्थाने सुरू झाले ते या दिवशी. पाठोपाठ परराष्ट्र, युद्ध आणि कोषागार ही खाती निर्माण झाली, आणि २४ सप्टेंबरच्या कायद्याने सहा न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय आणि तेरा जिल्हा न्यायालये स्थापन झाली.

घटनेतला प्रत्येक शब्द व्यवहारात आणताना कशी ठेच लागत होती, याचा एक नमुना सांगतो. तह करताना अध्यक्षांनी सिनेटचा ‘सल्ला आणि संमती’ घ्यावी, असे घटना सांगते. वॉशिंग्टन यांनी ते अक्षरशः घेतले आणि २२ ऑगस्टला दक्षिणेकडील आदिवासी राष्ट्रांशी करायच्या कराराचे प्रश्न घेऊन ते स्वतः सिनेटमध्ये जाऊन बसले. अ‍ॅडम्स कागद वाचू लागले. उघड्या खिडक्यांतून रस्त्यावरच्या गाड्यांचा खडखडाट इतका येत होता, की सदस्यांना धड ऐकू येईना. पुन्हा वाचन झाले. मग पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांनी संबंधित कागदपत्रे मागितली आणि विषय समितीकडे सोपवण्याची सूचना पुढे आली. वॉशिंग्टन भडकले; येण्याचा सगळा हेतूच यामुळे फोल ठरतो, असे ते उद्गारल्याचे मॅक्ले यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. दोन दिवसांनी ते पुन्हा आले आणि काम उरकले, पण त्यानंतर तहावर सिनेटचा सल्ला घ्यायला ते स्वतः कधीच गेले नाहीत. ‘सल्ला’ हा शब्द घटनेत राहिला आणि व्यवहारात संमती तेवढी उरली.

शिरपेच

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट बाजूला पडली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. काठावरचा यांनी सांगितलेल्या लोकसंख्येच्या तडजोडीत लोकसंख्या मोजायची कशी, हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर गुलामांच्या पाच डोक्यांमागे तीन, असे काढले गेले. गुलामांना मत नव्हते, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांना प्रतिनिधिगृहात जास्त जागा मिळाल्या, आणि अध्यक्षाच्या निवडीतली मतेही त्यानुसार वाढली. गुलामांची आयात १८०८पर्यंत काँग्रेसने थांबवू नये आणि पळून गेलेला गुलाम मालकाला परत मिळावा, अशीही कलमे आली. हे सगळे लिहिताना ‘गुलाम’ हा शब्द घटनेत कुठेही येऊ दिलेला नाही. ‘इतर व्यक्ती’ अशी आडवळणे घेतली आहेत. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कला बसलेल्या जुन्या काँग्रेसने नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्ये मात्र ओहायोच्या उत्तरेला गुलामगिरीस स्पष्ट बंदी घातली होती, आणि पळालेला गुलाम परत करण्याची तरतूदही त्याच कलमाला जोडली होती. तळटीप यांनी गौरवलेली ती चौकोनी जमीन ज्या आदिवासी राष्ट्रांची होती, त्यांना पॅरिसच्या वाटाघाटींत कोणी बोलावलेलेही नव्हते.

मुसाफिर

शेवटचे विचारतो. ऱ्होड आयलंडचे पुढे काय झाले?

काठावरचा

वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली तेव्हा संघात अकराच राज्ये होती. नॉर्थ कॅरोलायना नोव्हेंबर १७८९मध्ये आले, तोवर मूलभूत हक्कांविषयीच्या दुरुस्त्यांचा मसुदा काँग्रेसने राज्यांकडे पाठवला होता. ऱ्होड आयलंड एकटे उरले. मे १७९०मध्ये सिनेटने त्या राज्याशी व्यापार तोडण्याचे विधेयक मंजूर केले, म्हणजे परक्या देशाला द्यावी तशी वागणूक. तिकडे प्रॉव्हिडन्स शहर आपल्याच राज्यातून फुटून निघण्याची भाषा करू लागले. २९ मे रोजी राज्याच्या परिषदेने ३४ विरुद्ध ३२ मतांनी घटना स्वीकारली. जूनमध्ये त्यांचे दोन्ही सिनेटर न्यूयॉर्कला येऊन बसले. राज्यांची युद्धकर्जे संघाने आपल्या अंगावर घ्यावीत की नाहीत आणि राजधानी कुठे असावी, यावर काँग्रेसमध्ये तेव्हा रणकंदन चालले होते, आणि सिनेटमध्ये एकेका मताला मोल आले होते.